जपानात चौघांनी जेवायचं कुठे?

प्रश्न: नोव्हेंबरमध्ये आम्ही चौघं अकरा दिवस जपानला जातोय. टोकियो, क्योतो, ओसाका. टूर कंपनी नाही, सगळं आपलं आपण. मी आणि मिस्टर मासे-चिकन खातो, बीफ अजिबात नाही. कच्चा मासा दोघांनीही कधी खाल्लेला नाही. मुलगा सोळा वर्षांचा, त्याला रामेन, म्हणजे सूपमधल्या जपानी नूडल्स, सोडून काही सुचत नाही. पोर्क चालेल म्हणतो. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. मिस्टरांनी एक्सेलमध्ये बेचाळीस हॉटेलांची यादी केली आहे, त्यात एक भयंकर महाग सुशीचं हॉटेल आहे. मला त्या यादीतून काही कळत नाही. कुठल्या प्रकारच्या हॉटेलात जावं, कुठे आधी नाव नोंदवावं, कुठे गेलो तर आपलं हसं होईल? आमच्याकडे जेवण सगळ्यांनी एकत्रच करायची पद्धत आहे. आणि सासूबाईंसाठी दशम्या न्यायच्या का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर:

ताई, नमस्कार.

बेचाळीस नावांची ती यादी तूर्त मिटून ठेवा. मिस्टरांनी मेहनत घेतली आहे, पण नावं नंतर बघू. आधी दुकानांचे प्रकार कळले पाहिजेत. आपण हॉटेलात शिरतो, बसतो, पाणी येतं, मग मेन्यू कार्ड उघडून एकाला डोसा, एकाला पनीर आणि एकाला हाका नूडल्स सांगतो. जपानमध्ये हा निर्णय बहुतेक वेळा रस्त्यावर उभं असतानाच घ्यावा लागतो. सोबाच्या दुकानात सोबा (बकव्हीटच्या नूडल्स), तेम्पुराच्या दुकानात तेम्पुरा (पिठात बुडवून तळलेले पदार्थ), ईल माशाच्या दुकानात ईल. आत पाऊल टाकलंत की अर्धी ऑर्डर झालेलीच असते. नाशिककरांना हे समजायला जड जाऊ नये. मिसळीच्या नावाजलेल्या दुकानात जाऊन कोणी पनीर टिक्का मागत नाही, आणि रस्सा संपला की मालक भर दुपारी दुकान बंद करतो, त्याचं कोणाला वाईटही वाटत नाही. जपानमधली कित्येक रामेनची दुकानं अशीच चालतात. सूप संपलं, दुकान बंद.

यातून जे निघतं ते तुम्हाला आवडणार नाही. चौघांनी दोन्ही वेळा एकत्र जेवायची पद्धत त्या अकरा दिवसांपुरती मोडा. चांगली छोटी दुकानं म्हणजे एक लांब काउंटर, समोर आठ-दहा स्टुलं, पलीकडे स्वयंपाकी. चार जागा एकत्र रिकाम्या होईपर्यंत तुम्ही दारात ताटकळाल आणि मागचे एकेकटे आत जाऊन जेवून बाहेरही येतील. शिवाय बसलेल्या प्रत्येकाने निदान एक पदार्थ मागवायचा, ही तिथली रीत आहे. सासूबाईंना रामेनच्या काउंटरवर नुसतं पाणी देऊन बसवणं त्यांनाही अवघड, दुकानदारालाही. तेव्हा दुपारी दोन-दोन जणांनी फुटायचं, रात्री जमायचं. आणि सासूबाईंबरोबर बसायची पाळी रोज तुमचीच नको. त्या मिस्टरांच्या आई आहेत.

आता दारापासून सुरुवात करू. दुकानाबाहेर आडवा कापडी पडदा टांगलेला असतो, त्याला नोरेन म्हणतात. तो बाहेर असेल तर दुकान चालू. आत घेतलेला असेल तर दिवे कितीही लागलेले दिसोत, दार ढकलू नका. दाराशेजारी काचेच्या कपाटात पदार्थांचे हुबेहूब नमुने मांडलेले दिसले तर खुशाल आत जा, कारण तिथे भाषा लागत नाही. बोट दाखवलं की झालं, आणि खाली किंमत लिहिलेली असते. हे नमुने पूर्वी मेणाचे होते, आता प्लास्टिकचे. गिफू प्रांतातल्या गुजो हाचिमान गावचे इवासाकी ताकिझो यांनी १९३२ साली ओसाकामध्ये त्याचा धंदा उभा केला, आणि गुजो हाचिमान आजही या कामाचं माहेरघर आहे. टोकियोत काप्पाबाशी नावाचा भांडीकुंड्यांचा रस्ता आहे, तिथे हे नमुने विकत मिळतात. मुलाला नेऊन आणा. किंमत ऐकून खरं रामेन स्वस्त वाटेल.

नमुनेही नाहीत, बाहेर मेन्यूही नाही, किंमतही नाही, आणि दार बंद लाकडाचं, अशा ठिकाणी सहज म्हणून शिरू नका. ते वाईट नसतं, पण ओळखीच्या गिऱ्हाइकांचं असतं. क्योतोत तर काही जुन्या हॉटेलांत ओळखीच्या माणसाने आणल्याशिवाय नव्या पाहुण्याला घेतच नाहीत. तुम्ही परदेशी म्हणून ते तुम्हाला नाकारत नाहीत. टोकियोहून आलेल्या जपानी माणसालाही तेच उत्तर मिळतं.

मुलाचं रामेन. पुष्कळ दुकानांत दाराशीच एक तिकीट यंत्र असतं. आधी पैसे टाकायचे, मग बटण दाबायचं, निघालेली चिठ्ठी काउंटरवर ठेवायची. यंत्रासमोर उभं राहून चर्चासत्र भरवू नका, मागे रांग असते. बाजूला होऊन ठरवा. काहीच कळलं नाही तर डावीकडचं वरचं बटण दाबा. दुकानाचा मुख्य पदार्थ बहुधा तिथेच असतो. खिशात एक हजार येनच्या सुट्या नोटा ठेवा, कारण काही यंत्रं मोठी नोट घेत नाहीत. जुलै २०२४ मध्ये जपानने नव्या नोटा आणल्या, आणि लहान दुकानांतली काही जुनी यंत्रं त्या ओळखत नाहीत. अशा वेळी माणसाला दाखवलं की तो बदलून देतो.

बीफ टाळणाऱ्यांना रामेन फारसं नडत नाही, पोर्क टाळणाऱ्यांना मात्र नडतं. फुकुओकाकडचं पांढरट, दाट तोंकोत्सु म्हणजे डुकराच्या हाडांचं सूप. सोया सॉसचं शोयू, मिठाचं शिओ, साप्पोरोकडचं आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो, या बहुतेकांवरही पोर्कचे काप असतातच. मिस्टरांना ते नको असेल तर कोंबडीच्या हाडांचं तोरी पाइतान शोधा, आणि काप नकोत म्हणून सांगा. नूडल्स फुरकून खाणं तिथे चालतं, अपेक्षितच असतं. गप्पा मारत बसणं मात्र चालत नाही. वाडगा संपला की उठायचं. एक वाडगा दोघांत मागणं हे हसं होण्याचं एक खरं ठिकाण. ते तेवढं टाळा.

मिस्टरांची सुशी. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पैसे जास्त आहेत.

कच्चा मासा कधीही न खाल्लेल्या माणसाने पहिला घास टोकियोतल्या गिंझा या महागड्या भागातल्या काउंटरवर घेऊ नये. तिथे रात्रीच्या जेवणाला माणशी तीस हजार येन किंवा त्याहून जास्त लागणं नवलाचं नाही. येनचा भाव हलत असतो, ढोबळ साठ पैसे धरलात तर अठरा हजार रुपये झाले. दोघांचे छत्तीस. आणि तिथे निवड तुमची नसते. ओमाकासे म्हणजे सगळं आचाऱ्यावर सोपवणं. तो एकेक घास समोर ठेवतो, तुम्ही तो लगेच खायचा. तिसऱ्या घासाला तोंड वाकडं झालं तरी पुढचे पंधरा यायचेच असतात.

म्हणून पायरी-पायरीने जा. पहिली पायरी काइतेन-झुशी, फिरत्या पट्ट्यावरची सुशी. ओसाकाच्या शिराइशी योशिआकी यांनी बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या बघितल्या आणि १९५८ साली ओसाकाजवळ असं पहिलं दुकान काढलं. १९७० च्या ओसाका एक्स्पोनंतर ही कल्पना देशभर पसरली. आता पुष्कळ ठिकाणी पट्ट्यावर बशा फिरत नाहीत. २०२३ च्या सुरुवातीला एका मुलाचा टेबलावरची सोया सॉसची बाटली चाटतानाचा आणि फिरत्या सुशीला उष्टं बोट लावतानाचा व्हिडिओ पसरला, लोक चिडले, आणि अनेक साखळ्यांनी मोकळं फिरणं बंद करून टॅब्लेटवर ऑर्डर आणि थेट तुमच्या टेबलाशी येणारी पट्टी अशी सोय केली. टॅब्लेटवर इंग्रजी असतं. टेबलावर नळ असतो, त्यातून कढत पाणी येतं आणि ते चहासाठी आहे. हात धुवायला जाल तर भाजेल. शेजारच्या डबीतली हिरवी पूड चहाची, वासाबीची तिखट चटणी नव्हे. सासूबाई चाखून बघतील म्हणून आधीच सांगितलं.

तिथे सुरुवात शिजवलेल्यापासून करा. उकडलेली कोळंबी म्हणजे एबी, सॉस लावलेला मऊ आनागो (समुद्री ईल), वरून आगीची धग दिलेले आबुरी प्रकार. मग ट्यूना. मग साबा घ्या. साबा बांगड्याच्या गोतातला, मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवलेला, त्यामुळे मासे खाणाऱ्या मराठी जिभेला तो बाकीच्यांहून लवकर पटतो असं माझं मत आहे. साल्मन मुलाला आवडेल, सगळ्या मुलांना आवडतो, पण जुन्या धाटणीच्या काउंटरवर तो शोधू नका. कच्चा साल्मन सुशीवर आला तो १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला मासा जपानमध्ये खपवायचे प्रयत्न सुरू केल्यावर. त्याआधी जपानी लोक साल्मन भाजून नाही तर खारवून खायचे.

काइतेनमध्ये दोघांनाही मजा आली तर दुसरी पायरी काउंटरवरचं दुपारचं जेवण. तेच आचारी, तीच जागा, आणि दर रात्रीच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. ते जमलं आणि अजून भूक असली, तर मग रात्रीचा विचार करा. आणि तेव्हाही दोघंच जा. अशा जागी आठ-दहा माणसं एका वेळी बसतात, सगळ्यांचं जेवण एकदम सुरू होतं, शाकाहारी माणसाला तिथे देण्यासारखं काही नसतं. उशिरा पोचलात तर बाकीचे सगळे खोळंबतात. अत्तर, सेंट लावून जाऊ नका; ही त्यांची नेहमीची तक्रार असते. हाताने खाल्लं तरी चालतं. सोया सॉसमध्ये भात बुडवू नका, माशाची बाजू टेकवा. बहुतेक वेळा आचाऱ्याने सॉस आधीच लावलेला असतो. एवढं सोवळं बघून दडपण येऊ देऊ नका. निगिरी सुशी एकोणिसाव्या शतकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, गाडीवर उभ्याने खायची चीज होती. आजही स्टेशनांच्या आसपास उभ्याने खायची सुशीची दुकानं आहेत, आणि माझ्या मते पैशाचं मोल तिथेच सर्वांत चांगलं मिळतं.

सासूबाईंबद्दल आता. त्यांच्या ताटात मांस येणार नाही याची काळजी तुम्ही घ्यालच. अडचण माशाची आहे, आणि तो दिसत नाही. कात्सुओबुशी म्हणजे सुकवून, धुरावून किसलेला बोनितो मासा. त्याचा अर्क म्हणजे दाशी, आणि दाशी सगळ्यात असते: मिसो सूपमध्ये, सोबाबरोबरच्या सॉसमध्ये, शिजवलेल्या भोपळ्यात, तळलेल्या तोफूवर ओतलेल्या रसात. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की कित्येक दुकानदार मनापासून मान डोलावतात आणि माशाच्या अर्कात शिजलेली भाजी समोर ठेवतात. फसवायचा हेतू नसतो. त्यांच्या लेखी दाशी म्हणजे मासा नव्हेच. म्हणून जपानी लिपीत एक कार्ड छापून घ्या. त्यावर मजकूर असा: ‘निकु, साकाना, तामागो वा ताबेमासेन. साकाना नो दाशी मो ताबेमासेन.’ मांस, मासे, अंडं खात नाही, माशाचा अर्कही नाही. आत बसायच्या आधी दारातच दाखवायचं. नाही म्हणाले तर नमस्कार करून पुढे. त्यांनी नाही म्हणणं हा अपमान नसतो, तो प्रामाणिकपणा असतो. आणखी एक सापळा जपानी करीचा. भाज्यांची करी म्हणून जी मिळते तिच्या मसाल्याच्या वडीत बहुधा प्राण्यांची चरबी असते.

मात्र जपानमधलं एक संपूर्ण स्वयंपाकघर सासूबाईंसाठीच आहे असं म्हणता येईल: बौद्ध मठांतलं शोजिन र्‍योरी. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दाशी काढायची ती कोंबू या समुद्री वनस्पतीची आणि शिताके मशरूमची. कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या बाईला हे जेवण परकं वाटणार नाही. क्योतोजवळ आराशियामामध्ये तेन्र्‍यू-जी मंदिराच्या आवारात ‘शिगेत्सु’ आहे, तिथे दुपारी हे जेवण मिळतं. पण मला विचाराल तर एक रात्र कोया-सानला काढा. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वे, शेवटी केबल कार, मिळून दोनेक तास. कूकाई या भिक्षूला इसवी सन ८१६ मध्ये हा डोंगर मिळाला, आणि आज तिथल्या शंभरावर मंदिरांपैकी पन्नासेक ठिकाणी मुक्काम करता येतो. संध्याकाळी साडेपाच-सहालाच जेवण येतं, लाखेच्या छोट्या तबकांत. तिळाचा गोमा-दोफु, गोठवून सुकवलेला कोया-दोफु, भाज्यांचा तेम्पुरा, लोणची, भात. चौघांनाही एकच जेवण. तुमची एकत्र बसायची पद्धत तिथे बिनतक्रार पाळता येईल, आणि कदाचित या प्रवासात पहिल्यांदाच सासूबाई कोणाला काही न विचारता जेवतील. गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच खुर्ची मागा, नाहीतर जमिनीवर मांडी घालावी लागते. डोंगर आठशे मीटर उंचीवर आहे, नोव्हेंबरात कडाक्याची थंडी असते, स्वेटर हाताशी ठेवा. सगळ्यांनी न फाटलेले मोजे घाला. बूट दारातच काढायचे असतात.

बाकी दिवसांसाठी: टोकियो स्टेशनच्या तिकीट फाटकाच्या आत ‘टीज तानतान’ नावाचं दुकान आहे, तिथे पूर्ण वनस्पतीजन्य रामेन मिळतं. मुलाच्या रामेनच्या गप्पा ऐकून सासूबाईंनाही ते चाखावंसं वाटेल. क्योतोत उकडलेल्या तोफूची, युदोफुची, जुनी दुकानं नान्झेन-जीच्या आसपास आहेत. तिथेही बुडवायच्या सॉसबद्दल कार्ड दाखवायचंच. आणि गोड पदार्थांची बसून खायची दुकानं विसरू नका. मोचीवर, म्हणजे चिकट तांदळाच्या गोळ्यावर, सोयाबीनची भाजलेली पूड, समुद्री शेवाळाच्या जेलीवर लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण, सोबत माच्चा, म्हणजे हिरव्या पुडीचा कडू चहा. पारंपरिक जपानी मिठाई बहुतांशी डाळी, तांदूळ आणि साखरेचीच असते. तुमच्या दुपारच्या दोघींच्या बैठकीसाठी याहून बरी जागा नाही.

एखाद्या रात्री सासूबाईंनी हट्टाने वरण-भात मागितला तर टोकियोत निशी-कासाईला जा. एदोगावा वॉर्डातल्या त्या भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्यात मराठी आयटीवाले भरपूर. तिथल्या वॉर्ड सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मूळचे महाराष्ट्रातले गृहस्थ निवडून आले होते. पण तिथे रोज जायचं असेल तर नाशिकहून निघण्याचं कारण काय, एवढं मिस्टरांना विचारा. भारताशी नातं सांगणारं एक वेगळंच जेवण हवं असेल तर शिंजुकूत ‘नाकामुराया’ला जा. इंग्रजांना चुकवून १९१५ मध्ये जपानला गेलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना या बेकरीच्या मालकांनी लपवलं, पुढे त्यांच्या मुलीशी बोस यांचं लग्न झालं, आणि १९२७ मध्ये त्या घराने भारतीय पद्धतीची करी विकायला काढली. ती चिकन करी आजही मिळते. तुम्ही तिघं खा.

रात्री चौघांनी बसायला इझाकाया बरा. हा प्यायच्या निमित्ताने खायचा अड्डा. छोट्या छोट्या बशा मागवत जायच्या, सगळ्यांनी वाटून खायच्या, म्हणजे आपल्या सवयीचं. इथे गप्पांनाही बंदी नाही. बसताच न मागवलेली एक वाटी समोर येईल. ती ओतोशी, आणि बिलात तिचे माणशी तीनशे ते पाचशे येन लागतील. जागेचं भाडं समजा. त्यावरून भांडू नका, कारण टिप द्यायची नसते. तुम्हा दोघांना याकितोरी, म्हणजे शिगेवर भाजलेली कोंबडी: मिठाची शिओ, गोडसर सॉसची तारे. शिओच मागा. सासूबाईंना एदामामे (सोयाबीनच्या उकडलेल्या हिरव्या शेंगा), थंड तोफू (वरचा माशाचा कीस ‘कात्सुओबुशी नुकी दे’ म्हणून काढायला सांगा), तळलेले बटाटे, मिठाचा साधा भाताचा गोळा. काही इझाकाया वीस वर्षांखालच्या मुलांना रात्री घेत नाहीत, दारातच विचारा. धुराचंही विचारा. २०२० पासून हॉटेलांत धूम्रपानाला बंदी आहे खरी, पण लहान जुन्या दुकानांना कायद्याने सूट आहे.

जिथे खरोखर चौघांना चार गोष्टी मिळतात अशी ठिकाणं म्हणजे फॅमिली रेस्टॉरंटं. फोटोंचा मेन्यू, टेबलावर घंटीचं बटण, हवं तितकं कॉफी-सरबत. जपानी लोक तिथे फार कौतुकाने जात नाहीत, तुम्ही दमलेल्या रात्री जा. डिपार्टमेंट स्टोअरच्या वरच्या मजल्यावर दहा-बारा वेगवेगळी हॉटेलं एका ओळीत असतात, प्रत्येकाच्या दारात नमुने. पावसाच्या दिवशी तो मजला गाठा. त्याच इमारतीच्या तळघरात खाद्यपदार्थांचा बाजार असतो, आणि बंद व्हायच्या तासभर आधी डब्यांवर सवलतीची लेबलं चिकटू लागतात.

ओसाकात ओकोनोमियाकी, कोबीचा जाड धिरडेवजा प्रकार, टेबलावरच्या गरम तव्यावर. त्यात अंडं आणि दाशी दोन्ही असतं, सासूबाईंना नाही. शिन्सेकाई भागात कुशिकात्सु, काडीवर टोचून तळलेलं काहीही. सॉसचं भांडं सगळ्यांत मिळून असेल तर काडी एकदाच बुडवायची, उष्टी परत नाही. हा नियम आपल्याकडच्या कुठल्याही आजीला पटेल.

क्योतोतलं काइसेकी मी एका जेवणापुरतंच सुचवते. ऋतूप्रमाणे एकामागून एक येणाऱ्या बारीक बशा, शेवटी भात, सूप आणि लोणचं. रात्रीचं महाग, दुपारचं छोटं रूप परवडतं. चव इतकी हलकी असते की पहिल्या तीन बशांत मिस्टर म्हणतील, मीठ राहिलं वाटतं. प्रवासाच्या शेवटी न्या, तोवर जीभ सरावलेली असेल.

वेळा मात्र पाठ करा. दुपारी साडेअकरा ते दोन, मग दारं बंद, पुन्हा पाच-साडेपाचला. क्योतोत आठ-साडेआठला ‘शेवटची ऑर्डर’ म्हणतात. रात्री नऊला जेवायला निघालात तर चोवीस तास उघड्या किराणा दुकानातला भाताचा गोळाच मिळेल. जपानी लोकांचं ‘ताबेलोग’ हे मानांकन बघत असाल तर पाचपैकी साडेतीन गुणांना नाक मुरडू नका. ते गुण हात आखडून देतात, आणि तिथे साडेतीन म्हणजे उत्तम.

दशम्या न्या. मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, दशम्या-चिवड्याला अडचण नाही. दुसऱ्याच्या हॉटेलात डबा उघडायचा नाही, शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, उघडायचा. तिथे सगळेच स्टेशनवरचे डबे घेऊन बसतात.

आता या आठवड्यातलं काम. नोव्हेंबर म्हणजे पानं लाल व्हायचा हंगाम, क्योतो आणि कोया-सान आधी भरतात. पहिलं कोया-सानचं बुकिंग करा, शाकाहारी आणि अंड्याविना हे त्यात लिहा. दुसरं काइसेकीचं दुपारचं जेवण, सासूबाईंचं पथ्य लेखी कळवून आणि त्यांनी जमेल असं लेखी कळवल्यावरच. तिसरं सुशीचं काउंटर, टोकियोच्या शेवटच्या दिवशी दुपारी, दोन जागा; परदेशातून फोन उचलत नसतील तर तुमच्या मुक्कामाच्या हॉटेलच्या स्वागतकक्षाला ईमेल करून नोंदवायला सांगा. बाकी एकही जागा आधी अडवू नका. आणि जिथे अडवली आहे तिथे जायचं नाही असं ठरलं, तर दोन दिवस आधी कळवा. आयत्या वेळी रद्द केल्यास पूर्ण पैसे कापतात, आणि आठ खुर्च्यांच्या दुकानात दोन रिकाम्या राहिल्या तर त्याचं नुकसान किती, हे तुम्हीही मोजू शकाल.